पीस पार्क म्हणजे नक्की काय, आणि त्यात पीस कुठे असतो: एका गुरांच्या डॉक्टरचं उत्तर

परभणीला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय: "काका, पीस पार्क्स फाउंडेशन म्हणून आफ्रिकेत एक संस्था आहे, ती म्हणते आम्ही जंगल वाचवून देशादेशांत शांतता आणतो. जंगलाचा आणि शांततेचा काय संबंध? हे सगळं फोटोपुरतं असतं का? डोनेशन द्यावं का, आणि माझ्यासारख्याला तिकडे काम मिळेल का?"

चार प्रश्न आहेत, उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

आधी माझं सांगतो. मी त्या फाउंडेशनचा माणूस नाही, त्यांचा पगार कधी घेतला नाही. मी साधा गुरांचा डॉक्टर, सातारा जिल्ह्यात दवाखान्यात सहा वर्षं काढली आणि मग योगायोगाने मोझांबिक आणि झिंबाब्वेच्या सीमेवर गुरांच्या एका प्रोजेक्टवर गेलो तो अकरा वर्षं तिथेच राहिलो. आमचं काम त्यांच्या पार्कच्या अगदी शेजारी चालायचं, म्हणजे त्यांच्या हत्तीने काय केलं हे त्यांच्या आधी आम्हाला कळायचं. त्यामुळे मी जे सांगतोय ते शेजाऱ्याचं मत समज.

संस्था कशी झाली ते थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेत अँटन रुपर्ट नावाचा मोठा उद्योगपती होता, सिगारेटच्या धंद्यात पैसा केलेला, आणि निसर्गाच्या कामात बऱ्याच आधीपासून होता. 1990 मधे तो मोझांबिकचे अध्यक्ष जोआकिम चिसानो यांना भेटला आणि म्हणाला की तुमचं जंगल आणि आमचं क्रुगर नॅशनल पार्क जोडून टाकू. आता बघ, तेव्हा मोझांबिकमधे यादवी चालू होती, 1977 पासून, आणि ती 1992 ला रोमच्या करारानंतर थांबली. म्हणजे कल्पना युद्धात निघाली पण काम शांतता झाल्यावरच सुरू झालं, हे लक्षात ठेव, पुढे लागेल. 1 फेब्रुवारी 1997 ला रुपर्ट, नेल्सन मंडेला आणि नेदरलँड्सचे प्रिन्स बर्नहार्ड अशा तिघांनी मिळून फाउंडेशन काढलं. पैसा मुख्यतः देणगीदारांचा, डच पोस्टकोड लॉटरी त्यातला एक मोठा देणगीदार. हो, लॉटरी. लोक तिकिटं काढतात आणि गेंडा वाचतो, हसू नकोस.

आता पीस पार्क म्हणजे काय, तर दोन किंवा जास्त देशांची जंगलं सीमेवर एकमेकांना लागून असतात, मधे साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ असते, ती रेघ जनावरांसाठी पुसायची आणि कारभार मिळून करायचा. माणसांसाठी रेघ तशीच राहते, पासपोर्ट लागतोच. आफ्रिकेत याचं पहिलं औपचारिक उदाहरण कगालागाडी, दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवानाचं, 12 मे 2000 ला थाबो एम्बेकी आणि फेस्टस मोगाए यांनी उद्घाटन केलं. तिथे मुळात फार काही करावं लागलं नाही कारण सीमा म्हणजे नोसोब नावाची कोरडी नदी, कुंपण नव्हतंच, दोन्हीकडचे अधिकारी 1948 पासून तोंडी समजुतीवर काम करत होते. सोपी केस. वाळवंट, माणसं कमी, गुरं कमी.

अवघड केस म्हणजे आमची, ग्रेट लिंपोपो. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगर, झिंबाब्वेचं गोनारेझो आणि मोझांबिकचं लिंपोपो नॅशनल पार्क. 9 डिसेंबर 2002 ला शाई-शाई गावात तीन अध्यक्षांनी सह्या केल्या, एकूण सुमारे 35 हजार चौरस किमी, म्हणजे आपले सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही जिल्हे टाकले तरी वर जागा उरेल. त्याच्या आधी ऑक्टोबर 2001 मधे मंडेलांनी स्वतः गेट उघडून क्रुगरचे हत्ती मोझांबिकच्या बाजूला सोडले, ते फोटो जगभर गेले. त्यातले काही हत्ती चालत चालत परत क्रुगरला आले हे मात्र फोटोत नाही. मला त्यात हत्तींचं काही चुकलं असं वाटत नाही, पलीकडे पाणी कमी आणि माणसं जास्त, मी पण परत आलो असतो.

मग तिथलं कुंपण सुमारे 50 किमी काढलं. लोकांना वाटतं हेच मोठं काम. अरे कुंपण काढायला पक्कड लागते आणि चार माणसं. खरी गोम पुढे आहे, आणि ती तुला व्हेट म्हणून कळेल, म्हणून जरा खोलात जातो.

लिंपोपो पार्क 2001 मधे जाहीर झालं तेव्हा ते रिकामं नव्हतं. आधी तो शिकारीचा राखीव इलाखा होता, नंबर 16 चा, आणि शिंग्वेद्झी नदीच्या काठाने गावं होती, हजारो माणसं, त्यांची गुरं, त्यांच्या माशांबा. माशांबा म्हणजे शेत, पावसावरची मका-ज्वारी, तिथे सगळे हाच शब्द वापरतात. सीमेच्या दोन्ही बाजूला माणसं एकच, शांगान, भाषा एकच, पलीकडे मामा अलीकडे भाचा. आणि एका सकाळी त्यांना कळलं की तुम्ही आता आंतरराष्ट्रीय शांतता उद्यानाच्या आत राहता. आतल्या सुमारे 7 हजार लोकांना बाहेर हलवायचं ठरलं, आणि ते काम वर्षानुवर्षं रखडलं. घरं मिळाली तर चराई नाही, चराई मिळाली तर आधीपासून तिथे राहणाऱ्या गावाशी भांडण. मेळघाटचं पुनर्वसन ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं काही सांगत नाहीये.

आता रोग. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत म्हटलं की ओ, ए आणि एशिया-1, लस त्याचीच. तिकडे गेलो तेव्हा मला वाटलं हा तर माझा घरचा विषय. घरचा कसला, तिकडे सॅट-1, सॅट-2, सॅट-3 असे वेगळेच प्रकार, आपली लस तिथे पाण्याइतकीच कामाची. आणि ते विषाणू वागवतो कोण, तर केप बफेलो, रानम्हैस, तिला स्वतःला काही होत नाही, घशात वर्षानुवर्षं विषाणू घेऊन मजेत चरते. गाय तिच्या जवळ चरली, एकाच पाणवठ्यावर गेली की तोंडाला फोड, लाळ, खूर सुजले, झालं. म्हणून दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना सगळीकडे जनावरांच्या डॉक्टरांची कुंपणं आहेत, शेकडो किलोमीटर, युरोपला बीफ पाठवायचं तर ती हवीतच. आणि त्याच कुंपणांना अडकून कलहारीत विल्डबीस्ट तहानेने मेलेत, पाण्याची वाटच बंद. म्हणजे कुंपण ठेवलं तर रानटी जनावर मरतं, काढलं तर गरिबाची गाय आजारी पडते, बरं नुसती आजारी नाही, त्या पट्ट्यातलं गुरू बाहेरच्या बाजारात विकताच येत नाही. लाल रेषेच्या, म्हणजे रोगाच्या हद्दीच्या, आतलं म्हणून. व्यापारी येतो, त्याला माहीत असतं याला दुसरीकडे विकता येत नाही, पडेल भावात घेऊन जातो.

उलट बाजूही आहे. टीबी क्रुगरमधे गाईंकडूनच शिरला, 1990 मधे तिथल्या बफेलोत सापडला, दक्षिणेकडून वर वर सरकत गेला, सिंहांना झाला. तर जनावरांसाठी रेघ पुसली की रोगासाठी पण पुसली जाते, हे करारावर सह्या करताना कोणी पेनने लिहिलं नव्हतं.

एक दिवस सांगतो. सकाळी सहाला मोपाने झाडाच्या बल्ल्या रोवून केलेला खोडा, लांबच लांब, त्यात गुरं एकामागे एक, लसीकरणाचा दिवस. एक म्हातारी तीन गाई घेऊन रात्रीच निघालेली, चौदा किमी चालत. लस ज्यांनी आणायची होती त्यांची गाडी आली दुपारी एकला, आणि बॉक्स उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, थर्मामीटर सरळ तेवीस दाखवतोय. ती लस टोचायची नाही, संपला विषय. आता हे तिला कसं सांगायचं? मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमधे सांगितलं, गावच्या पोराने शांगानमधे सांगितलं. तिने काही आरडाओरडा केला नाही, गाईच्या पाठीवरची गोचीड काढली, नखाने चिरडली आणि परत चालायला लागली. पुढच्या वेळेला ती आली नाही. एक खराब बर्फाचा बॉक्स, आणि तीन वर्षं जमवलेला विश्वास गेला, कारण तिच्या लेखी मी, ती गाडी, पार्क, पीस, सगळे एकच.

त्याच गावात झाडाखाली मीटिंग होती, पाहुणे आलेले, बॅनर वगैरे. एका आजोबांनी विचारलं की हत्ती सीमा ओलांडून आला तर तुम्ही टाळ्या वाजवता, माझा बैल ओलांडून गेला तर तो परत येत नाही, मग शांतता कोणाची कोणाशी झाली? पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. मी अकरा वर्षांत यापेक्षा चांगला प्रश्न ऐकला नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे. देशादेशांतली शांतता या पार्कांनी आणली असं मी म्हणणार नाही, ती आधी झाली आणि मग पार्क झाली. अंगोला बघ, तिथली यादवी 2002 ला संपली, तोपर्यंत हत्ती तिकडे पाय ठेवत नव्हते, संपल्यावर बोट्सवानाकडून हळूहळू जायला लागले, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून. ही शांतता हत्तींनी आणलेली नाही, ते शांततेच्या मागून आले. जी शांतता पार्कला स्वतः करावी लागते ती पार्क आणि शेजारचं गाव यांच्यातली, आणि ती सह्यांनी होत नाही, गुरांपासून होते.

मग हे सगळं फोटोपुरतं का? नाही. आता चांगली बाजू, आणि ती पण मी डोळ्यांनी बघितलेली.

एक म्हणजे फोन. ऐकायला फालतू वाटेल. पण अलीकडच्या वॉर्डनकडे पलीकडच्या वॉर्डनचा नंबर असणं, आणि आग लागली, सिंह बाहेर पडला, तर मंत्रालयातून पत्र न पाठवता थेट फोन करता येणं, ही या करारांची सगळ्यात मोठी कमाई आहे. हे आधी नव्हतं. दोन राज्यांच्या वनखात्यांना विचार एका हत्तीसाठी किती पत्रं लागतात, दोडामार्गचे लोक सांगतील, कर्नाटकातून हत्ती यायला लागून वीस वर्षं होऊन गेली.

दुसरं, काही ठिकाणी ही संस्था नुसती करार करून निघून गेली नाही, पार्क चालवायला बसली. मोझांबिकचं झिनावे बघ, साधारण 4 हजार चौरस किमी, युद्धात सगळं खाऊन संपलेलं, रिकामं जंगल. 2015 पासून सरकारबरोबर मिळून कारभार बघतात. आधी आतमधे सुमारे 18,600 हेक्टरचा बंदिस्त भाग केला, त्यात 2 हजारांहून जास्त जनावरं आणून सोडली, बफेलो, झेब्रा, विल्डबीस्ट, हत्ती, आणि 2022 मधे दक्षिण आफ्रिकेतून ट्रकने सुमारे 1,600 किमी प्रवास करून गेंडे आणले. गेंडा ट्रकमधे चढवताना तो पूर्ण झोपलेला चालत नाही, स्वतःच्या वजनाने आडवा पडून पाय निकामी होतात, अर्धवट गुंगीत, डोळ्याला पट्टी, कानात बोळे, दोर धरून चालवत न्यायचा, बारा माणसं आणि एकाने पण मोठ्याने बोलायचं नाही. आपल्या लग्नात नवरदेवाला नेतात साधारण तसंच, फक्त आवाज नाही.

तिसरं माझ्या आवडीचं, हर्डिंग फॉर हेल्थ नावाचा कार्यक्रम, हा फाउंडेशन आणि कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल मिळून चालवतात. कल्पना अशी की गावातली सगळी गुरं एकत्र करायची, प्रशिक्षण दिलेले पगारी गुराखी, कुठे कधी चारायचं ते ठरवून, आणि रात्री हलत्या बोमात कोंडायची. बोमा म्हणजे वाडगं, पण भिंत जाड अपारदर्शक कापडाची. आत गाय सिंहाला बघत नाही, बाहेर सिंह गाईला बघत नाही, त्यामुळे गाई बुजून तोडून बाहेर पळत नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीने सिंहाने मारलेली गुरं कमी होतात आणि मग गावाने सिंहाला विष घालणं कमी होतं. गुरं एकत्र असली की लस एकत्र टोचता येते, ती म्हातारी चौदा किमी चालत नाही. आणि काही दिवस एका जागी बसली की शेणामुताने जमीन अशी होते की पुढच्या पावसात मका माणसाच्या डोक्याच्या वर. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथल्या साहेबाला म्हटलं अहो आमच्याकडे धनगर येऊन शेतात मेंढरं बसवतात आणि शेतकरी त्यांना वर धान्य देतात, त्याने हे वहीत इनोव्हेशन म्हणून लिहून घेतलं.

आता वाईट बाजू, नाहीतर तू म्हणशील काका जाहिरात करतायत. 2010 नंतर गेंड्याच्या शिंगाची चोरटी शिकार इतकी वाढली की 2014 मधे एकट्या क्रुगरमधे 827 गेंडे मारले गेले. बऱ्याच टोळ्या मोझांबिकच्या बाजूने शिरायच्या. मग बंदुका, हेलिकॉप्टर, कुत्री, रात्री दिसणारे कॅमेरे. मोझांबिकमधल्या मासिंगिरच्या बाजूची पोरं रात्री शिकारीला जायची, काही परत यायची नाहीत. ज्यांचं भागलं त्यांची पक्की घरं, नवीन गाड्या आणि ज्यांचं नाही त्यांच्या आया. अंत्यविधीला मी गेलोय. काढलेलं कुंपण परत घाला अशी मागणी तेव्हाच झाली. नाव पीस पार्क आणि आत अशी लढाई, याचं उत्तर संस्थेच्या कोणत्याही माहितीपत्रकात नीट नाहीये. क्रुगरमधे पांढरे गेंडे 2011 च्या सुमाराला 10 हजारांच्या वर होते, दहा वर्षांत 3 हजारांच्या खाली आले, म्हणजे बंदुकीने पण फार साधलं असं नाही.

पैशाचं पण बघ. मोझांबिकच्या कायद्यात पार्कच्या उत्पन्नाचे 20 टक्के शेजारच्या गावांना द्यायचे असतात. छान नियम. पण पर्यटक क्रुगरला जातात, इकडे रस्त्यात रेती, गाडी रुतते, येणारे थोडे. थोड्याचे 20 टक्के, भागिले गावं, भागिले घरं. एका वर्षी एका गावाच्या वाट्याला जे आलं त्यात मक्याची चक्की दुरुस्त झाली आणि संपलं, तेवढ्यावर महिनाभर भांडणं.

त्यापेक्षा मला माकुलेके लोकांचं उदाहरण जास्त शिकण्यासारखं वाटतं. क्रुगरच्या अगदी उत्तरेला, लिंपोपो आणि लुवुव्हू नद्यांचा संगम, तिन्ही देश तिथे एका बिंदूला भेटतात. 1969 मधे वर्णभेदी सरकारने या लोकांना बंदुकीच्या धाकाने तिथून हाकललं, स्वतःची घरं स्वतः जाळायला लावली, आणि ती जमीन क्रुगरला जोडली. सत्ता बदलल्यावर त्यांनी दावा लावला आणि 1998 मधे जमीन परत मिळवली, 20 हजार हेक्टरच्या वर. सगळ्यांना वाटलं आता परत जाऊन शेती करतील. त्यांनी ठरवलं की जंगल ठेवायचं, पण मालक आम्ही, लॉजचं भाडं आम्हाला, नोकऱ्या आमच्या पोरांना. तिथे जो गाईड तुला हत्ती दाखवतो त्याचा आजा त्याच झाडाखाली राहत होता, तो झाड दाखवतो आणि मग गप्प होतो.

काझा नावाच्या आणखी मोठ्या पीस पार्कबद्दल पण लोक विचारतात म्हणून दोन ओळी. अंगोला, बोट्सवाना, नामिबिया, झांबिया, झिंबाब्वे, पाच देश, 5 लाख 20 हजार चौरस किमी, करार 2011 चा, फाउंडेशनने त्यात सुरुवातीपासून मदत केलीय. महाराष्ट्र मावून वर बरंच उरेल एवढा पसारा. 2022 च्या मोजणीत तिथे अंदाजे 2 लाख 27 हजार 900 हत्ती, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या बोट्सवानात, आणि अंगोला-झांबियात मिळून 10 हजारसुद्धा नाहीत. ते वाटले जावेत म्हणून वाटा मोकळ्या करायच्यात, पण वाटेवर लोकांची शेतं आहेत. तिथे शेतकरी हत्तीच्या लिदात मिरची कालवून विटा करतात आणि वाऱ्याच्या बाजूला धुमसत ठेवतात, हत्तीला तो ठसका सोसत नाही. मी माझ्या बायकोला फोडणी करताना सांगितलं तर म्हणाली मग तुम्ही कसे टिकला.

डोनेशनचं: दे, पण आधी दोन गोष्टी त्यांना मेल करून विचार, कोणत्याही संस्थेला, हीच नाही. शेजारच्या गावांत तुमचे पगारावर किती लोक आहेत आणि त्यातले रेंजर सोडून किती. आणि मागच्या वर्षी हत्तीने किती शेतं खाल्ली आणि त्याचं काय केलं. ज्यांच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा असतो ते काम करतात. ज्यांच्याकडून सूर्यास्ताचा फोटो येतो त्यांना राहू दे. महिना पाचशेच द्यायचे असतील आणि ते कुठे दिसावेत असं वाटत असेल तर आधी आपल्या तालुक्यात बघ, ताडोबाच्या बाजूला गुरं सांभाळणारे पण आहेतच.

कामाचं: मिळतं, पण गेंडा बेशुद्ध करायचं काम मिळेल या आशेने जाऊ नकोस, त्या रांगेत अख्खं जग उभं आहे. गुरांचा डॉक्टर मात्र कमीच पडतो. तुझी डिग्री तिकडे आपोआप चालत नाही, प्रत्येक देशाची व्हेटर्नरी कौन्सिल वेगळी, रजिस्ट्रेशनला वेळ लागतो, म्हणून बहुतेक जण आधी मास्टर्सला जातात, प्रिटोरिया विद्यापीठाचं ओंडरस्टेपोर्ट त्यासाठी चांगलं. इथे असतानाच कोल्ड चेन, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवणं, नीट शिक, हात घालून शिक, कागदावर नको. गोचीडताप, थायलेरिया, स्लाइड वाचणं हे पक्कं कर, तिकडे लॅब दोनशे किमीवर असते. पोर्तुगीज रोज अर्धा तास. शांगान तिथे गेल्यावर येईल, पहिला शब्द तिहोमू, म्हणजे गुरं. मीटिंगमधे कोणीही उठून बोलायला लागलं की पाच मिनिटात हा शब्द येतो, तो आला की वही उघड.

आणि बर्फाच्या बॉक्सचं झाकण गाडीतून उतरेपर्यंत कोणालाही उघडू देऊ नकोस, ड्रायव्हरच्या कोल्ड्रिंकसाठी तर अजिबात नाही. त्या दिवशी तेच झालं होतं, मला चार महिन्यांनी कळलं.